मूग, मीठ आणि वीस डबे : शालेय प्रयोगाची आखणी कशी करावी

तालुका किंवा जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात पवनचक्की, ठिबक सिंचन, ज्वालामुखी यांच्या प्रतिकृती मोठ्या कष्टाने केलेल्या दिसतात. त्यांतून विद्यार्थ्याचे हस्तकौशल्य आणि समजावून सांगण्याची तयारी कळते. परंतु मांडणी करणाऱ्याला आधीपासून ठाऊक नसलेले काही त्यांतून बाहेर येण्याची शक्यता नसते. प्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारायचा, उत्तराचा अंदाज लेखी नोंदवायचा आणि तो अंदाज खोटा असेल तर तसे उघड दिसून यावे अशी व्यवस्था हात लावण्यापूर्वीच करून ठेवायची, यालाच प्रयोगाची आखणी म्हणतात. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना घरच्या साहित्यात पेलेल असा एक प्रयोग घेऊन ही आखणी कशी करावी, ते येथे मांडले आहे. साहित्य म्हणजे मूग, मीठ, टिश्यू पेपर, झाकणाचे एकसारखे वीस डबे, १०० मिलीचे मोजपात्र आणि स्वयंपाकघरातील वजनकाटा.

प्रश्न मोजता येईल इतका लहान करणे

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले, त्या पाण्याचा निचरा झाला नाही, भूजलाची पातळी वर आली आणि पाणी उडून जाताना त्यातील क्षार वरच्या थरात साचत गेले. अशा क्षारपड जमिनीत बियाणे नीट उगवत नाही, ही गोष्ट त्या भागातील शेतकऱ्यांच्या मुलांना चांगली ठाऊक असते. कोकणातील खार जमिनी आणि गोव्यातील खाजण शेतीही खाऱ्या पाण्याशीच झगडत आली आहे. तेव्हा ‘खारेपणाचा शेतीवर काय परिणाम होतो?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे यात शंका नाही, परंतु प्रयोगासाठी तो फार मोठा आहे. शेती म्हणजे कोणते पीक, परिणाम म्हणजे काय मोजायचे आणि खारेपणा किती, यांतले काहीच त्यात ठरलेले नाही.

प्रश्न लहान करताना प्रत्येक मोघम शब्दाच्या जागी मोजता येणारी वस्तू ठेवावी. तसे केल्यावर प्रश्न असा होतो : पाण्यातील मिठाचे प्रमाण दर लिटरला ० पासून १० ग्रॅमपर्यंत वाढवत नेले, तर ७२ तासांत रुजणाऱ्या मुगाच्या दाण्यांची संख्या कशी बदलते? १० ग्रॅमची मर्यादा मनाला येईल तशी ठरवलेली नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात मूग रुजणार नाही हे प्रयोगाविनाही सांगता येईल. उलट टोकाला, ज्या जमिनीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असते तिला क्षारयुक्त मानतात, आणि लिटरमागे २.५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याची वाहकता साधारण तेवढ्याच आसपास, म्हणजे साडेचार ते पाचच्या दरम्यान येते. म्हणून ०, २.५, ५, ७.५ आणि १० ग्रॅम या पाच पातळ्या घेतल्या, की उत्तर जिथे बदलण्याचा संभव आहे तोच पट्टा आपण तपासतो.

‘रुजणे’ म्हणजे काय, तेही याच वेळी लिहून ठेवावे. नुसता फुगलेला दाणा रुजलेला धरायचा का? साल फाटली पण मूळ दिसत नाही, त्याचे काय? मूळ सालीबाहेर किमान २ मिलिमीटर आलेले दिसले तरच दाणा रुजला, अशी व्याख्या आधी केली नाही, तर मोजणारा विद्यार्थी साध्या पाण्यातल्या दाण्यांना उदारपणे आणि खाऱ्या पाण्यातल्या दाण्यांना कडकपणे गुण देईल, आणि तसे झाल्याचे त्याला कळणारही नाही.

परिकल्पना : चुकू शकेल असे विधान

‘मिठाचा मुगावर परिणाम होतो’ ही परिकल्पना कामाची नाही, कारण निकाल काहीही लागला तरी ती कशीबशी खरी ठरवता येते. परिकल्पनेत कारण असावे, दिशा असावी आणि जमल्यास आकडाही असावा. उदाहरणार्थ : दाण्याला रुजण्यासाठी आधी पाणी शोषून घ्यावे लागते, बाहेरच्या पाण्यात मीठ जितके जास्त, तितके ते पाणी परासरणाने आत येणे अवघड, म्हणून मिठाचे प्रमाण वाढेल तसे रुजणाऱ्या दाण्यांचे प्रमाण घटत जाईल आणि लिटरमागे १० ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात ७२ तासांनी ते साध्या पाण्यातील प्रमाणाच्या निम्म्याहून कमी असेल.

हे विधान प्रयोगवहीत तारीख घालून शाईने लिहावे. पुढे निकाल निम्म्याऐवजी पाऊणपट आला तर परिकल्पनेचा तेवढा भाग खोटा ठरला, असे स्वच्छ लिहिता येते. आपल्याकडे ‘बरोबर’ उत्तर यावे म्हणून जर्नलमधील आकडे खोडून दुरुस्त करण्याची सवय मुलांना लवकर लागते, आणि अनेकदा ती मोठ्यांच्या नजरेसमोर लागते. खोटी ठरलेली परिकल्पना प्रामाणिकपणे मांडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रदर्शनात पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

एकच गोष्ट बदलणे

मिठाचे प्रमाण आपण बदलतो, म्हणून ते स्वाश्रयी चल. रुजलेल्या दाण्यांची संख्या त्यावर अवलंबून असते, म्हणून ती आश्रयी चल. बाकी सर्व गोष्टी, म्हणजे बियाण्याचा वाण, पाण्याचे आकारमान, डब्याचा आकार, कागदाचे थर, तापमान आणि वेळ, सगळ्या डब्यांत सारख्या ठेवायच्या. ज्यात मीठ अजिबात नाही असे साध्या पाण्याचे डबे हा नियंत्रित गट. त्याच्याशी तुलना केल्याविना बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

‘बाकी सर्व सारखे’ हे म्हणायला सोपे आणि करायला अवघड असते, हे इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांच्या प्रयोगावरून कळते. सडक्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात असा त्या काळी समज होता. रेदी यांनी काही भांडी उघडी ठेवली आणि काही बंद केली. बंद भांड्यांत अळ्या झाल्या नाहीत. परंतु भांडे बंद केल्याने माश्यांबरोबर हवाही अडली होती, त्यामुळे अळ्या हवेअभावी झाल्या नाहीत असे कोणी म्हटले असते तर त्याला उत्तर नव्हते. तेव्हा त्यांनी आणखी काही भांड्यांवर बारीक जाळीचे कापड बांधले, ज्यातून हवा आत जाईल पण माशी जाणार नाही. १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मांसावर अळ्या झाल्या नाहीत आणि हवेची शंका मिटली. आपल्या आखणीलाही हाच प्रश्न विचारावा : मीठ बदलताना नकळत आणखी काय बदलते आहे?

मुगाच्या प्रयोगात असे ‘आणखी काही’ पुष्कळ आहे. बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतील तर आपला शून्य ग्रॅमचा डबा शून्याचा राहत नाही. म्हणून पावसाचे साठवलेले किंवा आरओ यंत्राचे पाणी घ्यावे आणि सगळ्या द्रावणांना तेच वापरावे. पुडीतील आयोडीनयुक्त मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थही मिसळलेले असतात. त्यांचे प्रमाण अगदी थोडे असते, तरी साधे खडे मीठ दळून घेणे अधिक चांगले, आणि कोणते मीठ वापरले ते वहीत लिहिणे आवश्यक. डब्यांची झाकणे उघडी राहिली तर पाणी उडून जाते पण मीठ मागेच राहते, त्यामुळे आज ५ ग्रॅमचे असलेले द्रावण परवा ७ ग्रॅमचे झालेले असू शकते. झाकण घट्ट लावलेले असेल तर तीन दिवस पाणी पुन्हा घालावे लागत नाही. लागलेच, तर डब्याचे वजन करून जेवढे घटले तेवढेच साधे पाणी घालावे. खारे द्रावण पुन्हा ओतल्यास मीठ वाढत जाईल.

बियाणे आणि द्रावणे

मूग किराणा दुकानातील अख्खे, शक्यतो यंदाचे घ्यावेत. कृषी सेवा केंद्रातील पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, ते बहुधा रंगावरून ओळखू येते. ते विषारी असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. मुख्य प्रयोगाआधी पन्नास दाणे साध्या पाण्यात भिजवून पूर्वचाचणी घ्यावी. त्यांतले चाळीसपेक्षा कमी रुजले तर मूग जुने आहेत, दुसरे आणावेत, नाहीतर मिठाचा परिणाम आणि बियाण्याचा दोष यांची सरमिसळ होईल. उसळीत शेवटपर्यंत दगडासारखा राहणारा गणंग दाणा पूर्वचाचणीतही कितीही वेळ ठेवला तरी फुगत नाही; असे दाणे प्रत्येक मुगात थोडेबहुत असतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. फुटके, किडके, भोके पडलेले दाणे मात्र डब्यांत वाटणी करण्यापूर्वीच काढून टाकावेत. एकदा वाटणी झाल्यावर एकही दाणा काढायचा नाही किंवा बदलायचा नाही. गणंग निघाला तरी तो ‘न रुजलेला’ म्हणून मोजायचा.

द्रावण करताना एक अडचण येते. घरगुती काटा बहुधा एका ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे १०० मिली पाण्यासाठी लागणारे पाव ग्रॅम मीठ त्यावर तोलताच येत नाही. म्हणून प्रथम १० ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून, पाणी घालत एकूण द्रावण १ लिटर करावे. हे मूळ द्रावण. त्यातले २५, ५०, ७५ आणि १०० मिली मोजपात्रात घेऊन प्रत्येक वेळी पाण्याने १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरले, की २.५, ५, ७.५ आणि १० ग्रॅम प्रति लिटर अशी चार द्रावणे तयार होतात. वजनात काही चूक झालीच असेल तर ती चारही द्रावणांत एकाच प्रमाणात उतरते आणि पातळ्यांमधील गुणोत्तर बिघडत नाही.

वीस डबे आणि चिठ्ठ्या

प्रत्येक पातळीसाठी चार डबे, प्रत्येक डब्यात पंचवीस दाणे, असे एकूण वीस डबे आणि पाचशे दाणे लागतील. वजनाने हे मूग फार तर पंचवीस-तीस ग्रॅम भरतात. शंभर दाणे एकाच मोठ्या डब्यात घातले तर चालणार नाही का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. एका डब्याला बुरशी लागली, एकाचे झाकण सैल राहिले, एकात पाणी कमी पडले, तर त्या डब्यातले सगळे दाणे एकत्रच बिघडतात. मग जो फरक दिसतो तो मिठाचा की त्या डब्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही. चार वेगवेगळे डबे असले म्हणजे सारखीच वागणूक मिळूनही आकडे आपसांत किती हलतात ते दिसते, आणि निष्कर्ष काढताना तीच माहिती सर्वांत उपयोगी पडते.

डबे धुऊन, गरम पाण्याने विसळून कोरडे करावेत, तळाशी टिश्यू पेपरचे दोन थर घालावेत आणि सर्वांत पंचवीस-पंचवीस दाणे मोजून टाकावेत. त्यानंतर कोणत्या डब्यात कोणते द्रावण घालायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे : पाच पातळ्यांच्या प्रत्येकी चार अशा वीस चिठ्ठ्या घडी करून एका भांड्यात घालाव्यात आणि डबा क्रमांक १ पासून एकेक उचलावी. प्रत्येक डब्यात १० मिली द्रावण घालावे. कागद पूर्ण भिजला पाहिजे पण दाणे बुडता कामा नयेत, कारण रुजणाऱ्या दाण्याला हवाही लागते. डबे फळीवर १ ते २० या क्रमानेच ठेवावेत, म्हणजे खिडकीजवळची जागा कोणाला मिळाली हेही चिठ्ठीनेच ठरते.

या चिठ्ठ्यांमागे मोठा इतिहास आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. एकाच शेताचा एक कोपरा सकस, दुसरा निकस, तिसऱ्यात पाणी साचते. अशा जमिनीत नवे खत नेमके चांगल्या कोपऱ्याला मिळाले तर श्रेय खताचे की मातीचे, हा तिथला रोजचा पेच होता. कोणत्या तुकड्याला काय द्यायचे ते माणसाने न ठरवता यादृच्छिक पद्धतीने ठरवावे, हा त्यावरचा त्यांचा उपाय पुढे प्रयोगशास्त्राचा पायाच झाला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी कापणीचे तुकडे याच तत्त्वाने निवडण्याच्या कामाला देशभर चालना दिली. भांड्यातून चिठ्ठी उचलणारा आठवीचा विद्यार्थी तेच काम करत असतो.

चिठ्ठ्यांची यादी एका विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावी आणि दाणे दुसऱ्याने मोजावेत. मोजणाऱ्याला डब्यावर फक्त क्रमांक दिसावा. मीठ कोणत्या डब्यात आहे हे ठाऊक असले की १.८ मिलिमीटरचे मूळ कधी २ वाटते, कधी वाटत नाही.

निरीक्षणे

पाणी घातल्यापासून २४, ४८ आणि ७२ तासांनी, ठरलेल्या वेळीच, प्रत्येक डब्यातील रुजलेले दाणे मोजावेत आणि झाकण लगेच लावावे. प्रत्येक वेळी खोलीचे तापमान लिहावे. डिसेंबरातील थंड रात्री सगळेच दाणे उशिरा रुजतात. ७२ तासांनी मुळांची लांबीही मोजावी. वाकड्या मुळावर दोरा ठेवून तो दोरा पट्टीवर मोजला की काम होते. मूळ फुटणे आणि फुटलेले मूळ वाढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि खारेपणा पुष्कळदा पहिल्यापेक्षा दुसरीला अधिक जाचतो. त्यामुळे संख्येत फारसा फरक नसलेल्या डब्यांतही लांबीत मोठा फरक सापडू शकतो. बुरशी, वास, सैल झाकण असे जे दिसेल ते त्या त्या डब्यासमोर नोंदवावे. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. प्रयोगातील मोड खाऊ नयेत.

आकडे काय सांगतात

समजा, ७२ तासांनी साध्या पाण्याच्या चार डब्यांत २३, २१, २४, २२ दाणे रुजले, ५ ग्रॅमच्या डब्यांत २२, १९, २३, २० आणि १० ग्रॅमच्या डब्यांत ९, १३, ११, ७. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. सरासऱ्या अनुक्रमे २२.५, २१ आणि १० येतात. एवढ्यावरून ‘५ ग्रॅम मिठानेही रुजवण घटली’ असे लिहिण्याचा मोह होतो, परंतु साध्या पाण्याचे आकडे २१ ते २४ आणि ५ ग्रॅमचे १९ ते २३ असे एकमेकांत मिसळलेले आहेत. मीठ मुळीच नसते तरी एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकला असता. १० ग्रॅमचे प्रकरण निराळे आहे : त्यातला सर्वांत मोठा आकडा १३ हा साध्या पाण्यातल्या सर्वांत लहान २१ पेक्षाही कमी आहे.

हा दुसरा फरक योगायोगाने पडण्याचा संभव किती, हे शाळेतील गणितानेच काढता येते. साध्या पाण्याचे चार आणि १० ग्रॅमचे चार असे आठ डबे घ्या. मिठाचा काहीच परिणाम होत नाही असे क्षणभर मानले, तर प्रत्येक डब्यातला आकडा जो आहे तोच राहिला असता. ‘१० ग्रॅम’ या चिठ्ठ्या त्यांतल्या कोणत्याही चार डब्यांवर पडल्या असत्या. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत आणि चिठ्ठ्यांमुळे ते सगळे सारखेच संभवनीय आहेत. त्यांपैकी नेमका एकच प्रकार असा, की ज्यात सर्वांत कमी आकड्यांचे चारही डबे मिठाच्या वाट्याला येतात. म्हणजे योगायोगाने असे घडण्याची शक्यता ७० पैकी १. ती इतकी लहान आहे, की परिणाम मिठाचाच असे म्हणणे वाजवी ठरते. डबे दोन-दोनच ठेवले असते तर चारांतून दोन निवडण्याचे ६ प्रकार, आणि सर्वांत स्वच्छ निकालालाही ६ पैकी १ एवढी योगायोगाची शक्यता उरली असती. तीन-तीन असते तर २० पैकी १. प्रत्येक पातळीला चार डबे का घेतले, त्याचे कारण हे आहे. आणि चिठ्ठ्या न टाकता डबे सोयीने लावले असते, तर हे गणित मांडण्याचा अधिकारच राहिला नसता.

आलेखात आडव्या अक्षावर मिठाचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर रुजलेले दाणे घेऊन वीसही डब्यांचे वीस ठिपके काढावेत, सरासरीची रेषा त्यांवरून न्यावी. नुसत्या सरासरीचे पाच खांब काढले की डब्याडब्यातला फरक वाचकापासून लपतो.

निष्कर्ष आणि पुढचा प्रयोग

निष्कर्ष जेवढा तपासला तेवढाच लिहावा : या मुगात, या तापमानाला, साध्या मिठाच्या द्रावणात, ७२ तासांपर्यंत काय दिसले. क्षारपड जमिनीत सोडियम क्लोराइडखेरीज सल्फेट, कार्बोनेट यांसारखे इतर क्षारही असतात, मातीची घडण बिघडलेली असते, आणि पिकाला तीन दिवस नव्हे तर सगळा हंगाम काढायचा असतो. म्हणून ‘क्षारपड जमिनीत मूग येणार नाही’ हे वाक्य या प्रयोगातून निघत नाही.

परिकल्पनेतील कारणही अजून तपासले गेलेले नाही. दाणे कमी रुजले, ते पाणी आत येईना म्हणून, की आत गेलेले सोडियम व क्लोराइड त्यांना बाधले म्हणून? ही दोन्ही कारणे एकाच निकालाकडे नेतात. त्यांना वेगळे करण्यासाठी मिठाऐवजी साखर घ्यावी. मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराइड अशा दोन आयनांत (विद्युतभारित कणांत) विभागते, साखरेचा रेणू अखंड राहतो आणि पुष्कळ जड असतो. त्यामुळे १० ग्रॅम मिठाइतकाच परासरणाचा परिणाम साधायला लिटरमागे सुमारे शंभर ते एकशेदहा ग्रॅम साखर लागते. साध्या पाण्याचे चार, १० ग्रॅम मिठाचे चार आणि एवढ्या साखरेचे चार असे बारा डबे मांडावेत. साखरेतही दाणे मिठाइतकेच कमी रुजले तर पाण्याच्या ओढाताणीचे कारण बळकट होते. साखरेत ते बरेच जास्त रुजले तर आयनांच्या बाधेकडे बोट जाते. साखरेच्या पाण्यात बुरशी फार लवकर धरते, म्हणून या वेळी डबे अधिक काळजीने धुवावेत, मोजणी ४८ तासांवर आटोपण्याचे आधीच ठरवावे आणि कोणता निकाल आला तर कोणते कारण बाद धरायचे, ते चिठ्ठ्या उचलण्यापूर्वी वहीत लिहावे.